टेर्नाच्या अकरा जर्स्या

तारेविकच्या टेर्ना क्लबाचे कपडे ओलुफिना स्कार्स्टाइनने तीस वर्षं धुतले, आणि त्या तीस वर्षांत क्लबाचा एकही सामना पाहिला नाही. मैदान तिच्या धुणीघरापासून हाकेच्या अंतरावर. गोल झाला की तिच्या खिडकीची काच थरथरायची. पण सामने रविवारी सकाळी अकराला, आणि रविवार देवाचा. त्या वेळी ती टेकाडावरच्या प्रार्थनाघरात असायची, आणि तिथेही मैदानाकडच्या खिडकीला पाठ करून बसायची, म्हणजे मान वळवायचा मोहच नको.

गंमत अशी की तिचा नवराच क्लबाचा गोलरक्षक.

आंतोन पिंपं बनवायचा, खारवलेले हेरिंग मासे भरायची लाकडी पिंपं. १९११ सालच्या वसंतात पिंपांच्या कारखान्यातले आणि खारवणीच्या वखारीतले मिळून अकराजण समुद्राकाठच्या एका खडकाळ कुरणावर जमले. रोज काम सुटल्यावर दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे. जून संपायच्या आत त्यांनी तिथे मैदान उभं केलं. नाव काय ठेवायचं यावर फारसा वाद झालाच नाही, कारण त्या कुरणावर त्यांच्या आधीपासून टेर्ना पक्ष्यांचा हक्क होता. दर मे महिन्यात हा पक्षी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून आमच्या किनाऱ्यावर येतो. मूठभर जीव, पण घरट्याजवळ कुणी फिरकलं की थेट टाळक्यात चोच मारतो. मग समोर बैल असो नाहीतर धर्मगुरू. क्लबाच्या पहिल्या बैठकीला आंतोनच्या डोक्याला पट्टी बांधलेली होती. नाव तिथेच ठरलं.

ओलुफिनाला, म्हणजे सगळ्यांच्या फिनाला, हे कळलं तेव्हा तिने फक्त वार विचारला. रविवार, असं उत्तर आलं, आणि घरात तीन दिवस अबोला पडला. चौथ्या दिवशी तिने कॉफीचा कप आंतोनसमोर जरा जोरातच ठेवला.

"तू मला बघायला बोलवायचं नाही. मी तुला सोडायला सांगायची नाही."

आंतोनने कप उचलला आणि विचार करून विचारलं, "आणि कपडे?"

"कपडे सोमवारी टाक. चिखल रविवारी लागला म्हणून काय पापी होत नाही."

या तहावर त्यांचा पुढचा सगळा संसार झाला.

पहिली दहा वर्षं टेर्नाचे गडी ज्याला जे मिळेल ते घालून खेळले. मग १९२१ च्या हिवाळ्यात गावातल्या बायकांनी त्यांच्यासाठी जर्स्या विणल्या. लोकर इथल्याच मेंढ्यांची, न रंगवलेली, पांढरी, आणि छातीवर पाठीवर चार बोटं रुंद तांबडा पट्टा. अशा दहा. अकरावी गोलरक्षकाची, राखाडी, ती फिनाने स्वतः विणली. पुढे बाकीच्या गावांनी दुकानातल्या सुती जर्स्या आणल्या. टेर्नाने बदलल्या नाहीत. पाऊस लागला की या जर्स्या भिजून इतक्या जड व्हायच्या की दुसऱ्या हाफमध्ये गडी धावतोय की ओझं वाहतोय हे कळायचं नाही. पलीकडच्या फ्योर्डवरचे, म्हणजे शेजारच्या खाडीवरचे लोक त्यांना बघितलं की "बें बें" करायचे. टेर्नाच्या लोकांनी तेही अंगावर घेतलं. जिंकले की परत जाताना बोटीतून तेच "बें बें" ओरडायचे.

वीस वर्षं लोकरीची जर्सी टिकवणं म्हणजे काय, हे जिने लोकर धुतली आहे तिलाच कळेल. पाणी हाताला लागेल न लागेल इतकंच कोमट. मऊ हिरवा साबण आधी वेगळ्या भांड्यात विरघळवायचा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, लोंबकळत वाळत घालायचं नाही. दोन टॉवेलांच्या मध्ये दाबून पाणी काढायचं आणि वखारीतल्या मासे वाळवायच्या फळ्यांवर आडवं पसरायचं. उन्हात नाही, शेगडीजवळ तर नाहीच. फिनाच्या हातून त्या वीस वर्षांत एक जर्सी बोटभरही आटली नाही. तारेविकातल्या बायका सून घरात आली की तिला आधी फिनाकडे धुणं बघायला पाठवत.

आणि हीच बाई हातमोजे करताना नेमकं उलटं करायची. आमचे मच्छीमार वल्ह्यावर जे हातमोजे घालतात ते आधी हाताच्या दुप्पट मोठे विणतात. मग कढत पाण्यात साबण घालून पायांनी तुडवतात, मध्येच थंडगार समुद्राच्या पाण्यात बुडवतात, पुन्हा कढत, पुन्हा तुडवणं. लोकर आटत आटत चामड्यासारखी घट्ट होते. मग आत वारा शिरत नाही, पाणी शिरलं तरी ऊब राहते. म्हणजे जर्सीला जे जे करायचं नाही ते सगळं हातमोज्याला करायचं. दोन्ही गोष्टी फिनाच्या हातापायांत सारख्याच मुरलेल्या होत्या.

१९३७ च्या जानेवारीत आंतोन छातीच्या दुखण्याने गेला. गोलात तो सोळा वर्षं उभा राहिला होता, त्यानंतर मैदानाच्या कडेला. राखाडी जर्सी त्याच्यामागून आलेल्या गोलरक्षकाने घातली आणि दर सोमवारी ती पुन्हा फिनाच्या टोपलीत येत राहिली. ती फिना नेहमी शेवटी धुवायची. कोपरांवरचं रफू तिचंच, आणि डाव्या बाहीला पिंपांच्या डांबराचा एक डाग होता, तो मात्र तिने कधी काढला नाही. काढता आला असता.

मग १९४० आलं. एप्रिलात जर्मन आले, आणि शरद ऋतूत राजधानीतून हुकूम आला की देशातले सगळे क्लब यापुढे नव्या सरकारच्या खेळखात्याखाली, अध्यक्ष ते नेमतील, खेळायचं कुणाशी तेही तेच ठरवतील. देशभरच्या क्लबांनी याला जे उत्तर दिलं ते तारेविकनेही दिलं. कुणी भाषण केलं नाही. फक्त कुणी खेळायला आलं नाही. टेर्नाचा अध्यक्ष आयलर्ट, पिंपांच्या कारखान्याचा मुकादम, त्याने क्लबाच्या खोलीला कुलूप लावलं. निशाण एकाने गवताच्या गंजीत लपवलं. चषक दुसऱ्याने खारवलेल्या हेरिंगच्या पिंपात, माशांच्या खाली. बैठकांचं बाड आयलर्टने कुठे ठेवलं ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

जे जे मोलाचं वाटलं ते सगळं लपलं. जर्स्या कुणाच्या ध्यानातही आल्या नाहीत. त्या धुण्यात होत्या, आणि धुण्यातली गोष्ट पुरुषांच्या मते कुठे असते? ती कुठेच नसते. ती एक दिवस कपाटात सापडते. फिनाने त्या वाळवल्या, घड्या घातल्या, देवदाराची साल घालून पेटीत ठेवल्या. त्यांच्यावर वर्ष गेलं.

१९४१ च्या ऑक्टोबरात एका सोमवारी रायदार फ्लातेन तिच्या धुणीघराच्या दारात उभा राहिला. अंगावर नवा कोट, कोटावर जर्मनांच्या बाजूच्या नव्या पक्षाचं चिन्ह. आता तो जिल्ह्याचा क्रीडाप्रमुख होता. त्याआधी तो टेर्नाचा राखीव गोलरक्षक होता. राखीव म्हणजे सात वर्षं तो मैदानाच्या कडेला बाकावर बसला, आंतोनचं एखादं बोट मोडेल याची वाट बघत. आंतोनचं एकही मोडलं नाही, आणि जागा सोडताना त्याने राखाडी जर्सी दुसऱ्याच पोराला दिली. त्या सात वर्षांत फिनाच्या स्वयंपाकघरात त्याने किती वॉफल खाल्ली याला मोजमाप नव्हतं.

"फिनामावशी, बऱ्या आहात ना?"

"आहे. पाय पूस."

त्याने पाय पुसले. मग सांगितलं की महिनाअखेरच्या रविवारी, अकरा वाजता, टेर्नाचा सामना आहे. बंदरावरच्या तोफखान्यातले जर्मन विरुद्ध टेर्ना. शहरातून मोठी माणसं येणार, फोटो निघणार, सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत येणार की तारेविकात पुन्हा खेळ सुरू झाला. फिनाने विचारलं, खेळणार कोण? त्याने चारपाच नावं घेतली, नव्या पक्षातली, आणि बाकीचे शहरातून येतील म्हणाला. त्यातल्या एकानेही टेर्नासाठी कधी चेंडूला पाय लावला नव्हता.

"मग ते टेर्ना कसं?" तिने विचारलं.

"जर्स्या टेर्नाच्या असल्या की टेर्ना." तो हसला. "लोक माणसाचं तोंड कुठे बघतात मावशी? लांबून पांढरं-तांबडं दिसलं की झालं. एकदा दिसलं ना, की बाकीचेही लाजेकाजेने येतील. शनिवारी बारा वाजता न्यायला येतो. स्वच्छ हव्यात, फोटोत डाग नको. आणि राखाडी मी घालणार आहे."

फिना त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या आवाजात शेवटचं वाक्य बोलताना कडकपणा नव्हता. सात वर्षं बाकावर बसलेल्या माणसाची भूक होती. तिला क्षणभर त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणूनच राग जास्त आला.

"तुम्हाला काय त्रास नाही," तो जाता जाता म्हणाला. "तुम्ही त्या वेळी प्रार्थनाघरात असणार. आम्हाला कधी बघितलंत तुम्ही?"

फिना म्हणाली, "शनिवारी बाराला ये. या जर्स्यांचं जे व्हायचं ते तोवर तयार असेल."

तो बरं म्हणून गेला. तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याने नीट ऐकलं नाही, हा तिचा दोष नाही.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली आणि आयलर्ट मागच्या दाराने आला. टोपी हातात चुरगाळत होता. त्याचं म्हणणं, पेटी आत्ताच्या आत्ता त्याच्याकडे द्यावी, तो बोटीत घालून खोल पाण्यात सोडून देईल. फिनाने विचारलं, आणि शनिवारी ते चोर शोधायला लागले की? दहाजणांना उचलतील, त्यात तूच पहिला. मग आयलर्टने दुसरा उपाय काढला. कसर लागली म्हणायचं, उंदरांनी खाल्लं म्हणायचं, नाहीतर इस्त्री करताना जळल्या म्हणायचं.

"मी खोटं बोलत नाही आयलर्ट."

"अगं बाई, जर्मनांशी! देवसुद्धा तिकडे कानाडोळा करेल."

"देव करेल. मला जमायचं नाही."

आयलर्ट वैतागला. म्हणाला, तीस वर्षं आमच्या खेळाला नाक मुरडलंस, आता शेवटी त्यांच्या हातात कपडे देऊन पुण्य कमव. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो खाली बघायला लागला. फिनाने ते मनावर घेतलं नाही. ती पेटीकडे बघत होती. रायदार खरंच बोलला होता: लांबून पांढरं-तांबडं दिसलं की झालं. गावाने वर्षभर न खेळून जे राखलं होतं ते या अकरा कपड्यांत एका सकाळीत जाणार होतं. आणि राखाडी जर्सीत, आंतोनच्या जागी, तो कोट घातलेला माणूस उभा राहणार होता. रविवारी. अकरा वाजता. वर्तमानपत्रात.

"आता काय करणार आहेस तू?" आयलर्टने विचारलं.

"धुणार आहे," फिना म्हणाली. "घरी जा. आणि बुधवारी तुझ्या बायकोला शिवणाला पाठव. सुई जाड आणायला सांग."

मंगळवारी तिने धुणीघरातला तांब्याचा मोठा हंडा चुलीवर चढवला. लढाईत मिळणारा साबण म्हणजे निम्मी माती, फेस नाही की काही नाही. पण कपाटात मागे तिने लढाईपूर्वीच्या हिरव्या साबणाचा एक डबा जपून ठेवला होता, पाहुण्यांसाठी नाही, आजारपणासाठी. तो डबा तिने उघडला. पाणी उकळलं. तिने पेटीतून पहिली जर्सी काढली ती राखाडी.

ती थोडा वेळ नुसती हातात धरून उभी राहिली. कोपरांवरचं रफू, डाव्या बाहीचा डांबराचा डाग. इतकी वर्षं ती शेवटी धुतली होती. आज शेवटी ठेवली तर हात मागे येईल, हे तिला माहीत होतं. तिने मनातल्या मनात आंतोनला सांगितलं की तू मला बघायला बोलवायचं नाही असं ठरलं होतं, पण हे तू बघ. आणि जर्सी उकळत्या पाण्यात सोडली.

मग मागोमाग दहा पांढऱ्या. लाकडी दांड्याने तिने त्या दाबल्या, ढवळल्या, वाफाळत्या पाण्यातून काढून लाकडी टबात टाकल्या, मोजे उतरवले आणि सत्तावन्न वर्षांची ती बाई झगा गुडघ्यापर्यंत खोचून टबात उतरली. तुडवायला लागली. तुडवताना ती प्रार्थनाघरातलं एक गीत म्हणत होती, ठेका बरोबर पडतो म्हणून. मध्ये मध्ये जर्स्या उचलून दारातल्या समुद्राच्या थंड पाण्याच्या बादलीत, परत कढत, परत पाय. ज्या हातांनी एक जर्सी बोटभर आटू दिली नव्हती त्याच हातांना लोकर कशी भराभर आत घ्यायची हे नेमकं ठाऊक होतं. दिवस कलायच्या आत अकरा जर्स्या फळीवर पडल्या होत्या, जाड, घट्ट, तीन वर्षांच्या पोराला कशाबशा होतील एवढ्या. फिनाने एक बोट दाबून बघितलं. काम चांगलं झालं होतं. तिला त्याचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाबद्दल तिने रात्री निजण्याआधी देवाची माफी मागितली. बाकी कशाबद्दल मागितली नाही.

बुधवारी नेहमीप्रमाणे शिवणमंडळाच्या बायका आल्या. हे मंडळ एरवी परदेशातल्या मिशनसाठी शिवतं. शेजारीण येन्सिना, जिची जीभ सुईपेक्षा तिखट, तिने फळीकडे बघितलं, फिनाकडे बघितलं, आणि खाली बसली.

"फिना, तुझी लोकर आटली," ती हळूच म्हणाली. तारेविकात कुणाला म्हणावं असं हे वाक्य नव्हतं. घरात मयत झाल्याचं सांगण्यासारखंच.

"आटली नाही. आटवली." फिनाने कात्री पुढे सरकवली. "हिवाळा तोंडावर आहे आणि दुकानात लोकरीचा धागा मिळत नाही. बोटींवर अर्ध्या माणसांचे हात उघडे आहेत. तांबडा पट्टा बोटांच्या सांध्यांवर येईल असं काप."

येन्सिनाला आता हसू आवरेना. तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि कात्री घेतली. पुढचे तीन तास त्या खोलीत जेवढं बोलणं झालं त्यापेक्षा जास्त हसणं झालं, तेही दाबून, कारण रस्त्यावरून कोण जातंय सांगता येत नाही. नऊ पांढऱ्या जर्स्यांचे अठरा जोड हातमोजे झाले. ते शुक्रवारपर्यंत पावाच्या रांगेत, मासळीच्या टोपल्यांतून, दुधाच्या कॅनच्या झाकणाखालून जिथे पोचायचे तिथे पोचले. राखाडी जर्सीचा एकच जोड झाला, तो फिनाने स्वतःसाठी ठेवला. एक पांढरी जर्सी मात्र तिने कापू दिली नाही.

"ही कुणासाठी?" येन्सिनाने विचारलं.

"शनिवारी बारा वाजता येणाऱ्यासाठी. मी शब्द दिलाय."

शनिवारी रायदार आला, सोबत दोन गणवेशवाले. फिनाने दार उघडलं. टेबलावर घडी घालून, इस्त्री करून, ती एकच जर्सी ठेवलेली होती. रायदारने ती उचलली आणि उलगडली. कुणीतरी खेळण्यातल्या बाहुलीची दिली असावी अशा नजरेने तो बघत राहिला. मागच्या दोघांपैकी एकाच्या तोंडून हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

"बाकीच्या?"

"गेल्या कामाला."

"राखाडी कुठाय?"

फिनाने दोन्ही हात वर केले. हातांत राखाडी हातमोजे होते. डाव्यावर डांबराचा डाग.

रायदारचं तोंड पांढरं पडलं. मग त्याने त्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि खुर्ची ओढून बसला. खिशातून कागद काढला. त्याचा आवाज एकदम सोमवारसारखा झाला, वॉफल खाणाऱ्याचा.

"मावशी, ऐका. हे मला वर लिहून पाठवावं लागणार. मी लिहितो, म्हातारी बाई, हल्लीचा साबण वाईट, पाणी जास्त तापलं, चूक झाली. एवढंच. तुम्ही हो म्हणा. दोन ओळींचं काम आहे. नाहीतर हे प्रकरण माझ्या हातात राहणार नाही."

चूक या शब्दापाशी सगळं अडलं होतं. एक शब्द, आणि ती उद्या प्रार्थनाघरात आपल्या जागेवर बसली असती. चुलीवर कॉफी होती, भाजलेल्या वाटाण्यांची का असेना. मागे दोन मेंढ्या होत्या, त्यांचं कोण करणार हा विचार तिच्या मनात येऊन गेला. रायदार मनापासून सांगत होता, हेही तिला दिसत होतं.

"लिही," ती म्हणाली. रायदारने पेन टेकवलं. "तीस वर्षांत माझ्या हातून लोकर बिघडली नाही. हीसुद्धा बिघडलेली नाही. मी पाणी उकळलं, मी तुडवलं, मला जेवढी आटवायची होती तेवढीच आटली. खाली माझं नाव घाल."

"मावशी, वेड्यासारखं करू नका."

"रायदार, ती जर्सी तुला आंतोनने दिली नाही. मी कशी देऊ?"

त्याने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग लिहिलं, आणि तिला बाहेर नेलं. जाताना ती एवढंच म्हणाली की चुलीतला विस्तव कुणीतरी विझवा, आणि मेंढ्यांचं येन्सिनाला सांगा.

गावची कोठडी अग्निशामकांच्या शेडच्या माडीवर आहे, आणि तिची एकुलती एक खिडकी मैदानावर उघडते. बांधणाऱ्याने काही विचार करून बांधली नसणार. रविवारी अकराच्या सुमाराला फिना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, प्रार्थना म्हणाली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा वळून मैदानाकडे बघितलं. देवाचा दिवस मोडतोय का, याचा तिने विचार केला. समोर टेर्ना खेळत नव्हतीच. तेव्हा हा सामना धरायचं कारण नव्हतं.

जर्मन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला अकराजण, कुणाच्या अंगात निळं बनियन, कुणाच्या अंगात करडा शर्ट, दोघांच्या अंगात नुसते कोट. लांबून पांढरं-तांबडं काहीच दिसत नव्हतं. गोलात रायदार उभा होता, अंगावर शहरातून आणलेली तपकिरी जर्सी, बाह्या आखूड. फिनाने प्रेक्षक मोजले. चार माणसं, फोटोवाला धरून. आणि बेकरीचा कुत्रा, तो पहिल्या गोलनंतर निघून गेला.

बाकीचं गाव कुठे होतं ते तिला पुढे येन्सिनाने सांगितलं. गाव प्रार्थनाघरात होतं. फिनाच्या बाजूचे नेहमीचे लोक तर होतेच, पण ज्यांनी लग्नानंतर दाराचा उंबरठा ओलांडला नव्हता तेही. पिंपांच्या कारखान्यातले, बोटींवरचे, टेर्नाचा सगळा संघ. जागा पुरली नाही म्हणून जिन्यावर उभे राहिले. लाकूड वाचवायचं म्हणून शेगडी पेटवलेली नव्हती, तेव्हा कुणी हातमोजे काढले नाहीत. उपदेशकाने डोळे मिटून प्रार्थना करा म्हटलं आणि ओळीने अठरा जोड हात जोडले गेले, पांढरे, सांध्यांवर तांबडा पट्टा. उपदेशकाने डोळे उघडले, बघितलं, आणि ती प्रार्थना त्याने इतकी लांबवली की पुढच्या रांगेतली पोरं कुरकुरायला लागली. फिनाच्या जागेवर कुणी बसलं नाही. आयलर्ट, ज्याला एकही गीत धड येत नव्हतं, तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायला. खिडक्या उघड्या होत्या. फिनाला कोठडीत ते ऐकू आलं होतं. कोण बेसूर गातंय तेवढं कळलं नव्हतं.

तिला जिल्ह्याच्या तुरुंगात चार महिने ठेवलं. तिथे तिला पहारेकऱ्यांचे मोजे रफू करायला दिले. ते तिने नीट केले. काम वाईट करणं तिला येत नव्हतं. फेब्रुवारीत बोटीने परतली तेव्हा धक्क्यावर दोर पकडायला जे हात पुढे आले त्यांवर तांबडे पट्टे होते. येन्सिना म्हणाली, "मेंढ्या बऱ्या आहेत. तू वाळलीस." बस.

लढाई संपली ती १९४५ च्या मे महिन्यात, टेर्ना पक्षी परतायच्या दिवसांत. रायदारवर खटला चालला तेव्हा फिनाला साक्षीला बोलावलं. तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की याने मला सोडवायचा प्रयत्न केला होता, तेही लिहा. गावाला ते फारसं रुचलं नाही. तिने गावालाही कधी विचारलं नव्हतं.

क्लबाचा लढाईनंतरचा पहिला सामना जूनमध्ये ठरला. निशाण गंजीतून निघालं, चषक पिंपातून, त्यांचा वास पुढे कितीतरी दिवस गेला नाही. बायकांनी चादरी फाडून जर्स्या शिवल्या. आयलर्ट नवी टोपी घालून फिनाकडे आला आणि म्हणाला की मैदानाच्या कडेला तुझ्यासाठी खुर्ची मांडतोय, मध्यरेषेवर, हाताच्या खुर्च्यांतली चांगली. सगळ्या क्लबाची इच्छा आहे.

"कधी?"

"रविवारी. अकराला."

फिनाने त्याला कॉफी दिली, खरी कॉफी, पाच वर्षांनंतरची पहिली. "मी रविवार मोडायला तुरुंगात गेले नव्हते, आयलर्ट."

आयलर्ट गेला, क्लबाची बैठक बसली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा टेर्नाने सामना शनिवारी संध्याकाळी ठेवला. फिना आली. ऐन जूनमध्ये हातात राखाडी हातमोजे घालून खुर्चीत ताठ बसली. टेर्ना चार विरुद्ध एकने हरली. चौथा गोल झाला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आयलर्टला ती म्हणाली की हा आंतोनने धरला असता. आयलर्टने विचारलं, तुला काय माहीत, तू कुठे बघितलंस त्याला? फिना म्हणाली, सोळा वर्षं त्याच्या कपड्यांवर चिखल कुठे लागतो ते मीच बघत होते. डावी कूस कधी कोरडी नसायची.

१९६१ साली क्लबाला पन्नास वर्षं झाली. क्लबाच्या नव्या इमारतीत काचेचं कपाट केलं, त्यात चषक, निशाण, आणि ती आटलेली जर्सी. रायदारच्या जप्त झालेल्या सामानात ती सापडली होती, घडी न मोडलेली. तेव्हाचा सचिव नवा होता, दुसऱ्या गावाहून आलेला. त्याने कौतुकाने पाटी लिहिली: लढाईच्या काळात धुताना चुकून आटलेली जर्सी. समारंभाला फिना आली, सत्त्याहत्तर वर्षांची, हातात काठी. भाषणं चालू होती. ती कपाटापुढे गेली, चष्मा लावला, पाटी वाचली, आणि काठीने काचेवर टकटक केलं. भाषण करणारा थांबला.

"हे काढा," ती म्हणाली.

सचिवाने अदबीने सांगितलं की फिनामावशी, आता कार्यक्रम संपल्यावर बघू.

"चार महिने बसले मी या शब्दापायी. आता बघा."

सगळ्या सभेसमोर सचिवाने कपाट उघडलं. पेन मागवलं. फिनाने सांगितलं तसं लिहिलं आणि पाटी परत जर्सीला लावली. ती अजून तशीच आहे. शाई जरा उडाली आहे, पण वाचता येते:

धुतली: ओलुफिना स्कार्स्टाइन. मुद्दाम.